राजारामपुरी स्टार्टअप बचाव कृती समिती

आमचा संगणक चालू व्हायला किती वेळ लागतो हे घरात कुणी मिनिटांत सांगत नसे. माझे वडील, अप्पा, बटण दाबून आंघोळीला जात. आंघोळ करून, विभूती लावून इष्टलिंग पूजेला बसत. पूजा आटोपून, नाष्टा करून परत येत, तेव्हा पडद्यावर ते गोल चक्र अजून फिरत असे. मग एकदाचा पडदा उजळला की अप्पा म्हणत, "बघ, आला!" चंदगडची एसटी स्टँडात शिरली की माणसं म्हणतात ना, तसं.

अप्पांचं भांड्यांचं दुकान आहे आणि भांडी विकणाऱ्याकडे चिकाटी भरपूर असते. त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती. माझी होती. सोमवारी माझी मुलाखत होती. बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत संशोधन सहायकाची एक जागा निघाली होती. एकच. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी घरी बसले होते आणि "आता पुढं काय?" या प्रश्नाला गल्लीभर उत्तरं देऊन दमले होते. ही जागा मला इतकी हवी होती, की अर्ज पाठवल्यापासून मी झोपेतही मोजमापं घेत होते.

मुलाखतीच्या मेलमध्ये दोन अटी ठळक अक्षरांत होत्या. पहिली, मुलाखत संगणकावरूनच द्यायची, मोबाइल चालणार नाही. दुसरी, मध्येच संपर्क तुटला तर दहा मिनिटांत परत यायचं, आणि तेही एकदाच. आता आमच्या गल्लीतली लाईट जाताना सांगून जात नाही. ती लगेच येतेही. पण लाईट आल्यावर आमचा संगणक यायचा म्हणजे मध्ये अप्पांची आंघोळ, विभूती, पूजा आणि नाष्टा!

तेव्हा मी ठरवलं, हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीनं सोडवायचा. संगणकाच्या पोटात एक जागा असते, तिथं 'स्टार्टअप' नावाचं पान असतं. संगणक जागा होताना आणखी कोणकोण उठून बसतं, ते तिथं दिसतं. ते पान उघडलं आणि मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. एकोणीस! आमच्या घरात माणसं तीन, आणि संगणकात सकाळी उठणारे एकोणीस!

कोण नव्हतं त्यात? आम्ही केव्हाच विकून टाकलेल्या प्रिंटरचा प्रोग्रॅम होता. तो रोज उठून प्रिंटर शोधत होता बिचारा. माझा भाऊ वीरेश पुण्याला नोकरीला गेला, तरी त्याचे तीन गेम रोज हजेरी लावत होते. अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, कधीतरी हव्या असलेल्या पाककृतींचं काहीतरी होतं. आणि दोन अँटीव्हायरस होते. ते एकमेकांनाच व्हायरस समजून सकाळपासून एकमेकांची झडती घेत होते. प्रत्येकापुढं 'परिणाम' असा रकाना होता आणि त्यात बहुतेकांच्या नावापुढं 'जास्त' लिहिलेलं होतं. मला इतका आनंद झाला! रोग सापडला होता. आता फक्त एकेकाला बंद करायचं, संगणक पुन्हा चालू करायचा आणि फरक बघायचा. एका वेळी एकच बदल. हे प्रयोगशाळेतलं पहिलं शिक्षण.

हा आनंद कुणाला तरी सांगायला हवा होता. घरात रेंज नसते, म्हणून मी गॅलरीत जाऊन वीरेशला फोन लावला आणि, रेंज नसताना सगळे बोलतात तशी, ओरडून बोलले.

"वीरू, स्टार्टअप बंद करतेय रे! हो, सगळं! अरे, एकोणीस आहेत! नुसते बसून खातात! कुणी कशाला घेतलेत तेच कळत नाही! आजपासून एकेकाला काढते!"

शेजारच्या गॅलरीत सरूमावशी कपडे वाळत घालत होत्या. सरूमावशींचे कान फार चांगले आहेत. फक्त त्यांनी ऐकलेल्या गोष्टीला अर्थही त्या स्वतःच पुरवतात.

संध्याकाळी मावशी झाकलेलं ताट घेऊन दारात उभ्या. अव्वानं झाकण काढलं. आत पिठलं आणि भाकरी. आमच्याकडे कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. अव्वाच्या हातातलं झाकण खाली पडलं.

"अय्यो! कोण गेलं?"

"कोण न्हाय गेलं, वैनी. पोरीचं स्टार्टअप गेलं. मी माज्या कानानं ऐकलो की." मावशींनी डोळ्यांना पदर लावला. "एवढ्या लहान वयात एकोणीस मानसं कामाला ठिवली हुती, आनि आमाला कदी बोलली न्हाय. आता सगळ्यास्नी काढायची वेळ आली लेकराव."

मी आतून धावत आले. "मावशी, माणसं नाहीत हो! प्रोग्रॅम आहेत, प्रोग्रॅम! एकोणीस प्रोग्रॅम बंद करतेय."

इथं माझी चूक झाली. म्हणजे वाक्य बरोबर होतं, पण गल्ली चुकीची होती. राजारामपुरीत प्रोग्रॅम म्हणजे बारसं, साखरपुडा, डोहाळजेवण, नाहीतर मंडळाचा ऑर्केस्ट्रा. मावशींचा चेहरा आणखी पडला.

"एकोनीस पोग्राम क्यान्सल? आनि ॲडव्हान्स घेतलंतीस काय गं त्यांचं?"

रात्रीपर्यंत गल्लीला कळलं होतं की शांभवीची कार्यक्रम करून देणारी कंपनी होती, ती बुडाली, आणि एकोणीस घरचे साखरपुडे वाऱ्यावर आहेत. अप्पा दुकान बंद करून घरी येताना चौघांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अप्पांना वाटलं, आपली तब्येत बरी दिसत नसावी. ते येऊन आडवेच झाले.

दुसऱ्या दिवशी उदयदादा आले. उदयसिंह घाटगे म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचं मोबाइल कव्हरचं दुकान, आणि शिवाय पाच कृती समित्यांचे निमंत्रक. दुसऱ्या गावांत माणसांना राग आला तर ती ओरडतात किंवा गप्प बसतात. कोल्हापुरात कृती समिती निघते. खड्ड्याची निघते, दिव्याच्या खांबाची निघते, बसथांबा चार पावलं पुढं सरकवला तरी निघते. आणि समिती निघाली की आधी निमंत्रक ठरतो, मग निवेदन, मग फ्लेक्स. प्रश्न नक्की काय आहे ते त्यानंतर, सवडीनं, सर्वानुमते ठरतं.

"शांभवी, कोन बंद पाडतंय तुजं स्टार्टअप? नाव सांग फकस्त," उदयदादा खुर्चीवर न बसताच म्हणाले.

"दादा, मीच बंद केलं."

"दबाव हाय तुज्यावर." ते अप्पांकडे वळले. "रुद्राप्पा, पोरगी घाबरलीया."

"दादा, ती कंपनी नाही. संगणक उशिरा बूट होतो, म्हणून मी—"

"बुटाचा बी धंदा हुता?" उदयदादांच्या आवाजात कौतुक होतं. "बघा पावणं, कोल्हापुरी चपलेच्या गावात पोरगी बूट काढत हुती, म्हनून डोळ्यावर आली कुनाच्या तरी!"

पावणं म्हणजे त्यांच्याबरोबर आलेले, माझ्या ओळखीचे नसलेले एक गृहस्थ. ते नुसती मान डोलवत होते. मी अजून एकदा, अगदी पहिल्यापासून, मेमरी म्हणजे काय इथून समजावायला सुरुवात केली. उदयदादांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "कळलं. मेमरी खाल्ली तुजी. म्हंजे डोक्याला ताप दिला. ह्याचं निवेदन दिऊया."

आणि त्यांनी दिलंही! उद्योगधंद्यांचं काहीतरी बघणाऱ्या एका कचेरीत. मला कळलं तेव्हा मी निवेदन मागे घ्यायला धावत तिथं गेले. टेबलावरच्या साहेबांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं.

"निवेदन मागं घ्यायचं तर ज्यांनी दिलं त्यांनी यायला पाहिजे. तुम्ही कोण?"

"जिचं स्टार्टअप बंद पडलं म्हणून निवेदन आहे, ती मीच. पण बंद पडलेलं नाही."

"मग चालू आहे?"

"नाही. मुळात नव्हतंच."

"बंद नाही, चालू नाही." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, बंद असेल तर बंद असल्याचा दाखला आणा. चालू असेल तर चालू असल्याचा. नसेल तर नसल्याचा. पण काहीतरी आणा. हाताला काही नसताना मी फाइल कशी हलवू?"

जे नाही त्याच्या नसण्याचा दाखला कोण देतं, हा विचार करत मी घरी आले. विज्ञानातही हा प्रश्न अवघड मानतात.

पण हे सगळं चालू असताना माझा प्रयोग मात्र काय रंगला होता! एकेक प्रोग्रॅम बंद होत होता आणि संगणक दर वेळी थोडा आणखी चपळ होत होता. आधी अप्पा आंघोळ करून येईपर्यंत चालू झाला. मग दात घासेपर्यंत. रविवारी रात्री अप्पांनी बटण दाबलं, टॉवेल घ्यायला वळले, आणि मागं पडदा उजळला. अप्पा टॉवेल हातात घेऊन उभेच राहिले. "आला?" ते हळूच म्हणाले, आणि मग संगणकाला हात जोडले.

मी आनंदानं अव्वाभोवती एक गिरकी घेतली. लाईट जाऊ दे आता, दहादा जाऊ दे!

सोमवारी सकाळी मुलाखतीआधी थोडा वेळ होता आणि पानावर शेवटचा एक प्रोग्रॅम शिल्लक होता. बनवणाऱ्याचं नाव: अज्ञात. परिणाम: जास्त. मला राहवलं नाही. अठरा गेले, मग हा अज्ञात इसम कशाला? मी तोही बंद केला. हा बदल पुढच्या वेळी संगणक चालू होईल तेव्हाच लागू होतो, त्यामुळे लगेच काहीच जाणवलं नाही. मी हेडफोन घातला आणि मुलाखत सुरू झाली.

समोर दोघं होते. पांढऱ्या केसांच्या बाई, डॉक्टर प्रियदर्शनी, आणि त्यांच्याशेजारी एक तरुण शास्त्रज्ञ. बाईंचा आवाज इतका शांत होता की माझी छाती धडधडायची थांबली. पहिले दोन प्रश्न छान गेले. तिसरा होता: सारख्याच मापाची आणि सारख्याच वजनाची दोन नळकांडी, एक भरीव आणि एक पोकळ, उतारावरून एकदम सोडली, खाली आधी कोणतं पोचेल, आणि का?

मला उत्तर माहीत होतं! मी तोंड उघडलं आणि लाईट गेली.

मी गॅलरीत धावले. खाली रस्त्यात शिडी होती, शिडीवर पावणं होते, आणि विजेच्या खांबावर अर्धवट बांधलेला फ्लेक्स वाऱ्यानं तारांना थोपटत होता. फ्लेक्सवर माझा दहावीच्या सत्कारातला दोन वेण्यांचा फोटो होता. त्याच्या दुप्पट मापाचा उदयदादांचा होता. मध्ये लिहिलं होतं: 'शांभवि ताईंचं स्टार्टअप बंद होऊ देणार नाही! एकोणीस घरांचा आवाज!' वि ऱ्हस्व. मला आधी तेच दिसलं, ही माझ्या स्वभावातली खोट आहे.

"दादा!" मी अशी ओरडले की सरूमावशींच्या गॅलरीतली कबुतरं उडाली. "फ्लेक्स काढा! माझी मुलाखत चालू आहे! बेंगळुरूची! नोकरीची!"

उदयदादांनी वर पाहिलं. बाकी काही कळलं असो-नसो, 'नोकरी' कळलं. "ए, उतरव रे! पोरीच्या पोटावर पाय येतोय! वायरमनला फोन लावा!" आणि कोल्हापूरची समिती एकदा हलली की कशी हलते ते मी त्या दिवशी पाहिलं. फ्लेक्स उतरला. वायरमन हातातला चहा टाकून आला. लाईट आली.

मी बटण दाबलं. मागं वळायलाही वेळ मिळाला नाही, पडदा उजळला! राउटरचे दिवे लागले, मी आत शिरले, समोर डॉक्टर प्रियदर्शनी. वेळेत! कितीतरी आधी! मी हसले, त्याही हसल्या आणि त्यांनी काहीतरी विचारलं.

ऐकू काहीच आलं नाही.

मी हेडफोन काढला, फुंकला, पुन्हा घातला. बाईंनी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून मान हलवली. त्यांनाही माझं ऐकू येत नव्हतं. आणि मला तो शेवटचा अज्ञात इसम आठवला. संगणकाच्या पुढच्या भोकात हेडफोन लावलाय हे ओळखणं, एवढंच काम तो वर्षानुवर्षं निमूटपणे करत होता. मी प्रत्येक वेळी वेग मोजला होता. आवाज एकदाही मोजला नव्हता.

त्याला परत चालू करायचं तर संगणक पुन्हा बंद करायला हवा होता, आणि परत येण्याची माझी एकुलती एक संधी वापरून झाली होती. मी चॅटमध्ये इंग्रजीत लिहिलं: आवाज गेला आहे. उत्तर आलं: हरकत नाही, सारख्या वजनाची नळकांडी, भरीव आधी की पोकळ, ते लिहून दाखवा, सूत्रासकट, आकृतीसकट. मी वही कॅमेऱ्यासमोर धरली. आमचा कॅमेरा जुना, त्यात वहीतली अक्षरं म्हणजे मुंग्या. चॅटमध्ये ओळ आली: मोठं लिहा. मी त्याहून मोठं लिहिलं. ओळ आली: आणखी मोठं.

त्याच वेळी दारातून फ्लेक्स आत आला. माणसाचा फोटो रस्त्यात जमिनीवर कसा ठेवायचा, म्हणून समितीनं तो सन्मानानं वर आणला होता. एका टोकाला उदयदादा, दुसऱ्या टोकाला पावणं, मागं सरूमावशी आणि अर्धी गल्ली. फ्लेक्सची मागची बाजू माझ्याकडे होती.

पांढरीशुभ्र. कोरी. भिंतीएवढी.

"दादा, इथं उभे राहा! माझ्या मागं! ताणून धरा! हलू नका!"

"काय करतीयास?"

"लिहितेय!"

अप्पा दुकानात डबे-पातेल्यांवर किंमत लिहायचा जाड मार्कर घेऊन धावत आले. आणि मी लिहायला लागले. उतार काढला, दोन नळकांडी काढली, वेगाचं सूत्र मांडलं. अक्षरं वीतभर. माझा हात कधी इतका मोकळा चालला नव्हता. चॅटमध्ये ओळ आली: स्पष्ट दिसतंय, पुढे. अव्वानं ती मला वाचून दाखवली आणि समितीत लाट उसळली.

"काय इच्यारलंय?" पावण्यांनी विचारलं.

"सारख्या वजनाची नळकांडी, भरीव आधी का पोकळ आधी," अव्वानं चॅट बघून सांगितलं.

"पोकळ!" सरूमावशी तत्काळ म्हणाल्या. "हलकं असतंय की."

"वजन सारकं हाय म्हनत्यात की वो," उदयदादा म्हणाले. "तरीबी पोकळच. शांभवी, पोकळ लिव."

"पोकळ! पोकळ!" सगळ्या खोलीनं मला सांगायला सुरुवात केली. पडद्यावर तरुण शास्त्रज्ञाच्या कपाळावर आठी पडली. आवाज नव्हता, पण माझ्या मागं पंधरा तोंडं एकाच वेळी उघडमीट करताना दिसत होती. चॅटमध्ये ओळ आली: ते लोक तुम्हाला उत्तर सांगत आहेत का?

मग मी मार्कर घेतला आणि सूत्राखाली, सर्वांत मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत लिहिलं: हो. ते पोकळ म्हणतात. ते चूक आहेत. भरीव आधी पोचेल. पोकळ नळकांड्याचं सगळं वजन कडेला असतं, त्यामुळे त्याला फिरवण्यातच जास्त ऊर्जा खर्च होते.

डॉक्टर प्रियदर्शनी खुर्चीत मागं रेलल्या आणि हसू लागल्या. इतकं हसल्या की त्यांनी चष्मा काढला.

"हसत्यात का?" उदयदादांना शंका आली. "आपलं उलटं दिसत आसंल तितं. फिरव रे!" आणि मी 'नको' म्हणेपर्यंत समितीनं फ्लेक्स फिरवला. बेंगळुरूच्या प्रयोगशाळेसमोर माझ्या दोन वेण्या, उदयदादांच्या मिशा आणि एकोणीस घरांचा आवाज झळकला. बाईंनी पडद्याजवळ येऊन तो वाचला. त्यांना मराठी येत नसावं, पण अगदी खाली 'स्टार्टअप बचाव' हे इंग्रजी अक्षरांतही होतं. चॅटमध्ये विचारणा आली: तुमचं स्टार्टअप आहे?

मी खाली बसले आणि टाइप केलं. लाईट जाते, दहा मिनिटं, एकोणीस प्रोग्रॅम, एका वेळी एकच बदल, प्रत्येकाचा परिणाम. आणि शेवटचा प्रोग्रॅम न तपासता बंद केला, म्हणून आवाज गेला, हेही. वाटलं, संपलं. जिथं मोजमापाचंच काम आहे तिथं मी काय मोजलं नाही हे स्वतःच सांगत होते.

पडद्यावर दोघं आपसात बोलत होते. सरूमावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

मग ओळ आली. उदयदादांनी ती माझ्या खांद्यावरून मोठ्यानं वाचली, एकेक शब्द सुटा करून: "वुई. वाँट. यू. व्हेन. क्यान. यू... स्टार्ट."

मला किंचाळायचं होतं, ते मी केलं. मार्कर सापडेना, तेव्हा अव्वानं कपाटातलं पेन आणून दिलं. मी टाइप करायचं विसरून तळहातावर 'आजपासून' असं इंग्रजीत लिहिलं आणि हात कॅमेऱ्याला चिकटवला. डॉक्टर प्रियदर्शनींनी दोन्ही अंगठे वर केले.

तोवर उदयदादा गॅलरीत पोचले होते. "स्टार्ट झालं रे!" ते खाली वाकून गरजले. "शांभवीचं स्टार्ट झालं!" खालून हलगी कडाडली. ती कुणी आणि केव्हा आणून ठेवली होती कोण जाणे.

मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं. मग ते वाक्य एकदा नीट तपासलं. त्यात चूक काहीच नव्हती.